नऊपैकी सहा, बारापैकी बारा आणि गावातले पंच

जालन्याच्या जिल्हा व सत्र न्यायालयात खुनाचा खटला चालतो, तेव्हा आरोपी दोषी आहे की नाही हे न्यायाधीश एकटे ठरवतात. वकील बोलतात, साक्षीदार येऊन जातात, मागच्या बाकांवर दोन्हीकडचे नातेवाईक बसलेले असतात. पण शेतकरी, दुकानदार, शिक्षक अशा नऊ-बारा जणांना बोलावून “आता तुम्हीच सांगा, यानं खून केला का?” असं विचारण्याची सोय आपल्या फौजदारी कायद्यात उरलेली नाही. ज्युरी आपल्याला आठवते ती सिनेमातून. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ १९८६ मध्ये आला. त्यात बारा माणसं एका खोलीत बसून एका मुलाच्या जिवाचा निर्णय करतात. भारतातली ज्युरी तोवर कायद्यातून जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी कुणाला ते फारसं खटकलं नाही.

निवाड्यासाठी माणसं एकत्र बसली की एकमत का अडतं, हा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. जालना जिल्ह्यात तो आजही पडतो, फक्त सत्र न्यायालयाऐवजी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. दोन्हीकडची अडचण एकच आहे असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे येईलच.

ज्युरी कुठे होती, कुठे नव्हती

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सत्र न्यायालयातले खटले दोन तऱ्हांनी चालायचे. काही ठिकाणी ज्युरी, बाकी ठिकाणी असेसर. असेसर म्हणजे न्यायाधीशांशेजारी बसणारे गावातले जाणते लोक. त्यांचं मत विचारलं जाई, पण ते न्यायाधीशांवर बंधनकारक नसे. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गुन्ह्यांसाठी ज्युरी बसवायची हे सरकार ठरवी. असेसरांची पद्धत १९५५ च्या दुरुस्तीनं संपली.

जालन्यासह मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यानं ब्रिटिश हिंदुस्थानची ही संहिता इथे लागू नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाल्यावर चित्र बदललं आणि १९५१ मध्ये ती संहिता संस्थानाच्या मुलखात आली. पण तोवर ज्युरीचे दिवस भरत आले होते. विधी आयोगानं १९५८ च्या चौदाव्या अहवालात ती रद्द करण्याची शिफारस केली. १९७३ च्या नव्या संहितेत ज्युरीला जागाच ठेवली नाही, आणि ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो त्यानंतर, १ मे १९८१ रोजी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ज्युरी नाही.

ज्युरीत बसायला कोण पात्र होतं? मूळ संहितेप्रमाणे २१ ते ६० वयाचे पुरुष. बायकांचा विचारच नव्हता. सत्र न्यायाधीश आणि कलेक्टर मिळून यादी करत. डॉक्टर, वकील, सैनिक, पुरोहित, टपाल-तार खात्यातले नोकर यांना सूट असे. म्हणजे शिकलेल्यांतला मोठा वर्ग आधीच बाहेर, आणि नंतर तक्रार अशी की ज्युरीला पुरावा कळत नाही.

नऊपैकी सहा

उच्च न्यायालयात ज्युरी नऊ जणांची असे. सत्र न्यायालयात संख्या कमी-जास्त चाले, पण ती विषम हवी. सदस्य आपल्यातून एक फोरमन निवडत. न्यायाधीश शेवटी सगळा पुरावा आणि कायदा समजावून सांगत, मग मंडळी आतल्या खोलीत जात आणि फोरमन बाहेर येऊन निकाल सांगे.

एकमताची सक्ती मात्र नव्हती. उच्च न्यायालयात नऊपैकी सहा जण एका बाजूला आले आणि न्यायाधीशांना ते पटलं, की निकाल झाला. सहासुद्धा जमले नाहीत, तर ज्युरी बरखास्त. फूट पडलेली दिसली तर न्यायाधीश मंडळींना पुन्हा आत पाठवून ‘अजून विचार करा’ म्हणू शकत, पण त्यांना वाजवी वाटेल तेवढ्या वेळानंतर बहुमताचा निकाल घेण्याची मुभा होती.

या आकड्याचं वजन लोकमान्य टिळकांच्या खटल्यात दिसतं. १८९७ मध्ये ‘केसरी’तल्या लिखाणासाठी त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यासमोर चालला. सहा युरोपीय सदस्य ‘दोषी’ म्हणाले, तीन हिंदी सदस्य ‘निर्दोष’. सहा हा अगदी काठावरचा आकडा. त्यातला एक जण जरी पलीकडे गेला असता तरी पाच विरुद्ध चार झालं असतं आणि निकालच लागला नसता. टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. लेख मराठीत होते आणि युरोपीय सदस्यांपुढे होती त्यांची भाषांतरं. न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावताना सरकारविषयी प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती, असा अर्थ लावला, आणि तो पुढे बराच काळ वादाचा विषय राहिला.

१९०८ मध्ये दुसरा खटला न्या. दिनशा दावर यांच्यापुढे. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. नशिबाचे खेळ दुसरं काय! टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून जास्त बोलले. २२ जुलैच्या रात्री ज्युरी परतली: सात विरुद्ध दोन. दोषी म्हणणारे सातही युरोपीय, नाही म्हणणारे दोघेही पारशी. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले.

दोन्ही वेळा मतं वंशाच्या रेषेवर फुटली. ज्युरी खोलीत शिरते तेव्हा आपापलं घर, जात, भाषा दाराबाहेर काढून ठेवत नाही, हे याहून स्पष्टपणे दाखवणारं उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल. आणि बहुमताचा नियम असल्यानं त्या सहांना किंवा सातांना उरलेल्यांचं ऐकून घेण्याची गरजही नव्हती.

आठ विरुद्ध एक

नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. वर्तमानपत्रांनी, विशेषतः ‘ब्लिट्झ’नं, तोवर नानावटींच्या बाजूनं वातावरण तापवलं होतं. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा निकाल पुराव्याशी इतका विसंगत वाटला, की त्यांनी तो मान्य न करता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. संहितेच्या ३०७ व्या कलमानं सत्र न्यायाधीशांना तो अधिकार दिला होता. न्या. शेलत आणि न्या. नाईक यांनी मार्च १९६० मध्ये नानावटींना खुनासाठी जन्मठेप दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानं २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. ज्युरीतल्या ज्या एकानं आठ जणांविरुद्ध मत दिलं, त्याचीच बाजू वरच्या दोन्ही कोर्टांत टिकली.

‘नानावटी खटल्यामुळे ज्युरी गेली’ असं सर्रास सांगितलं जातं. खटल्यानं ज्युरीची पत गेली हे खरं, पण विधी आयोगाची शिफारस त्याआधीच आली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ३०७ वं कलम. साध्या माणसांना निर्णय द्यायला बसवायचं आणि तो आवडला नाही तर वरच्या कोर्टात पाठवायचा, ही सोय इंग्रजांनी स्वतःच्या देशात कधी ठेवली नाही, इथे ठेवली. हिंदी ज्युरीवर पूर्ण भरवसा कधीच टाकला गेला नव्हता.

खुद्द इंग्लंडमध्ये हा प्रश्न १६७० मध्ये सुटला होता. विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर पंथाच्या दोघांना दोषी ठरवायला ज्युरीनं नकार दिला, म्हणून तिला अन्नपाण्याविना कोंडून ठेवलं आणि दंड ठोकला. बुशेल नावाच्या सदस्यानं दंड भरला नाही, तुरुंगात गेला आणि वर दाद मागितली. सरन्यायाधीश व्हॉन यांनी ठरवलं की निकालासाठी ज्युरीला शिक्षा करता येणार नाही.

फौजदारी खटल्यांत नसली तरी ज्युरीची एक धाकटी बहीण अजून मुंबईत नांदते. १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्याखाली न्यायाधीशांबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. १९८८ पूर्वी ते सात असत. कायद्याचे मुद्दे न्यायाधीश बघतात, वस्तुस्थितीचा निर्णय प्रतिनिधींच्या बहुमतानं होतो.

एकटा माणूस बाकीच्यांना वळवतो का?

सिनेमात वळवतो. ‘एक रुका हुआ फैसला’ ज्यावर बेतला त्या मूळ ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये पहिल्या मतदानात अकरा विरुद्ध एक असतं आणि शेवटी तो एकटा सगळ्यांना आपल्या बाजूला आणतो. प्रत्यक्षात असं फार क्वचित घडतं. शिकागो विद्यापीठाचे हॅरी कॅल्व्हन आणि हान्स झायसेल यांनी १९६६ मध्ये अमेरिकन ज्युरीवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत असतं, तीच बाजू साधारण दहापैकी नऊ वेळा शेवटी जिंकते. ज्युरी अडकून पडते तीही सहसा एकट्या हट्टी माणसामुळे नव्हे. सुरुवातीला त्याच्याबरोबर तीन-चार जण असतात, म्हणून त्याला टिकून राहायचं बळ मिळतं. पूर्ण एकटा पडलेला माणूस बहुधा नमतो.

१९८३ मध्ये हेस्टी, पेनरॉड आणि पेनिंग्टन यांनी बनावट खटले रचून याची आणखी बारकाईनं चाचणी घेतली. त्यातलं निरीक्षण मला गावच्या बैठकांसाठी फार उपयोगाचं वाटतं. काही गट बसल्याबसल्या मतदान घेतात. मग प्रत्येक जण आपल्या मताला चिकटतो आणि पुरावा त्या मताच्या सोयीनं वापरतो. दुसरे गट आधी ‘नेमकं काय घडलं’ हे लावत बसतात आणि मत शेवटी घेतात. त्यांची चर्चा लांबते, पण सखोल होते. एकमताची अट काढून बहुमत पुरेसं केलं, की चर्चा आखूड होते आणि कमी संख्येतले लोक बोलायचेच थांबतात. आकडा जमला की त्यांना कोण विचारतो?

म्हणून एकमताचा नियम नुसता तात्त्विक नाही. शेवटच्या माणसाचं ऐकून घ्यायला तो बाकीच्यांना भाग पाडतो. त्याची किंमत म्हणजे वेळ आणि कधीकधी निकालच न लागणं.

अमेरिकेतल्या मराठी घरात येणारं समन्स

ज्युरीत बसण्याचा अनुभव आज आपल्याकडे कुणाला असेल, तर तो परदेशी गेलेल्यांना. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी टपालानं समन्स येतं. नुसतं ग्रीनकार्ड असलेल्यांना ज्युरीत बसता येत नाही. संघीय न्यायालयात हजर राहिल्याबद्दल दिवसाला पन्नास डॉलर मिळतात. आधी निवड होते, आणि तिथे न्यायाधीश किंवा दोन्ही बाजूंचे वकील खोदून खोदून विचारतात: आरोपीला ओळखता का? पोलिसांत नातेवाईक आहे का? अशा गुन्ह्याचा त्रास घरात कुणाला झालाय का? ‘हो’ उत्तर आलं की बहुतेक वेळा घरी पाठवणी.

तिथे गंभीर फौजदारी खटल्यात एकमत हवंच. लुइझियाना आणि ओरेगन या दोन राज्यांत दीर्घकाळ दहा विरुद्ध दोननंही शिक्षा होत असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ‘रामोस’ खटल्यात ते बंद केलं. लुइझियानाचा तो नियम कृष्णवर्णीय सदस्यांचं मत निष्प्रभ करण्यासाठी आणला गेला होता, हेही न्यायालयानं नोंदवलं. आपल्या सहा विरुद्ध तीनची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. इंग्लंडनं मात्र १९६७ मध्ये उलटी वाट धरली आणि पुरेसा वेळ देऊनही एकमत झालं नाही तर दहा विरुद्ध दोन चालवून घ्यायला सुरुवात केली.

एकमत न झालेल्या ज्युरीला अमेरिकन न्यायाधीश पुन्हा आत पाठवताना सांगतात, की कमी संख्येतल्यांनी आपलं मत पुन्हा तपासून बघावं. १८९६ च्या ॲलन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याला मान्यता दिली. सुरुंग लावून खडक फोडावा तसा हा उपदेश, म्हणून वकील त्याला ‘डायनामाइट’ म्हणतात. अनेक राज्यांनी तो सोडूनही दिलाय.

आपल्याकडचे पंच

मराठा अमदानीत गावचे तंटे गोतसभेत किंवा मजलिशीत सुटत. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार जमत, निर्णयाचा महजर लिहिला जाई आणि त्यावर सगळ्यांच्या निशाण्या पडत: पाटलाचा नांगर, वाण्याची तागडी. स्थानिक सभा एका बाजूची वाटली तर पक्षकार दुसऱ्या ठिकाणी निवाडा मागू शकत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ च्या अहवालात पंचायतीचं कौतुक केलं आणि तिचे दोषही लिहिले. पंचांना मोबदला नाही, बसण्याची सक्ती नाही, त्यामुळे काम रेंगाळतं. बसण्याआधी दोन्ही पक्षांकडून ‘पंचांचा निर्णय मान्य’ असं लिहून घेत.

इथेच फरक दिसतो. ज्युरीत बसायला तुम्ही अनोळखी असावं लागतं. आपल्या पंचाची पात्रता उलटी: तो दोघांनाही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो म्हणून तर त्याला बोलावतात. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण त्या पाचांत चुलता, मेव्हणा आणि मतदारही असतात.

तंटामुक्त समितीत अडतं कुठे

१५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. गावाची समिती ग्रामसभेतून निवडली जाते. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, बीट अंमलदार अशी मंडळी तिच्यात असतात. दिवाणी, महसुली आणि तडजोड होऊ शकणारे किरकोळ फौजदारी वाद तिच्यापुढे येतात. अध्यक्षपदावरूनच ग्रामसभेत खुर्च्या उडाल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात, हा त्यातला गमतीचा भाग.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, जालना: आठही तालुक्यांत बैठकीपर्यंत येणारे वाद साधारण सारखेच. बांध कोरला, सामाईक विहिरीच्या पाळीवरून भांडण, शेतात जायचा रस्ता अडवला, भावाभावांची वाटणी, मोसंबीच्या बागेत जनावरं शिरली. यात सहसा खोटं कुणीच बोलत नसतं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं असतं, आणि तिसऱ्याला त्यातून निवड करायची नसते. समितीचं काम निकाल देणं नाही, त्या दोघांना एकमेकांशी जुळवून घ्यायला लावणं आहे. ज्युरीत बारा जण आपसांत जुळले की काम संपलं, भांडणाऱ्यांना ते पटो न पटो. इथे समितीचे सगळे जुळले तरी त्या दोघांपैकी एक जण उठून गेला, की बैठक फुकट.

त्यात भावकीचा घोळ असतो. सदस्य स्पष्ट बोलला तर पुढच्या निवडणुकीत दुखावलेल्या घराची मतं गेली, नाही बोलला तर तो ‘त्यांचा माणूस’. त्यामुळे बरेच जण मान हलवून गप्प बसतात आणि वरवरचं एकमत होतं. असल्या तडजोडी पहिल्या पेरणीला मोडतात. ज्या बैठका टिकतात, तिथे आधी मोजणी होते. भूमी अभिलेख कार्यालयाचा माणूस येऊन खुणा करतो, सातबारा आणि फेरफार समोर ठेवला जातो, मग बोलणं सुरू होतं. मत शेवटी घेणारे गट इथेही जिंकतात. रस्त्याचा वाद समितीत सुटला नाही तर तो तहसीलदारांकडे जातो: १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अडवलेला रस्ता मोकळा करून मागता येतो, आणि जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून नवा रस्ता.

मर्यादाही ठाऊक हव्यात. समितीला दंड, शिक्षा किंवा बहिष्कार करता येत नाही. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध तर महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. बलात्कार, खून, ॲट्रॉसिटी अशी प्रकरणं ‘गावात मिटवून’ टाकणं बेकायदा आहे, मग बैठकीत कितीही एकमत असो.

लोकअदालतीचं टेबल

कोर्टात गेलेला वादही सामोपचारानं मिटवता येतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण लोकअदालत भरवतं, राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारदा होते. टेबलावर न्यायाधीश, वकील आणि बहुधा एक सामाजिक कार्यकर्ता असतो. सामान्य माणसाला निवाड्याच्या बाजूनं बसण्याची ही एक जागा अजून शिल्लक आहे. चेकचे खटले, बँकेची थकबाकी, अपघाताची भरपाई, भूसंपादन असे विषय इथे येतात. पॅनेलला मत लादता येत नाही. दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या तरच निवाडा होतो. तो झाला की दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. सही नाही झाली, तर फाईल होती त्या कोर्टात परत जाते, होती त्या टप्प्यावर, आणि पुढची तारीख पडते.